कॅनडात घडलेली हत्यारं जमवायची तर: सुरुवात, ठसे आणि पारख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ओटावात राहायला आलात, तळघरात लाकूडकामासाठी जागा केलीत, आणि आता जमतील तितकी हत्यारं कॅनडातच बनलेली घ्यायची आहेत. सुरुवात कशाने करावी, नवीन घ्यावीत की जुनी, 'मेड इन कॅनडा' खरं कधी मानायचं, आणि कणकवलीला सुतारकाम करणाऱ्या वडिलांसाठी यातलं काय न्यावं. मी ओटावा नदीच्या खोऱ्यात बावीस वर्षं फर्निचर बनवतोय. माझ्याकडची निम्मी हत्यारं जुनी आहेत, मी दुरुस्त करून वापरात आणलेली. विषय जिव्हाळ्याचा आहे, उत्तर लांबेल.

सुरुवात स्क्रू ड्रायव्हरने करा. रंधा, करवत यांच्या आधी. इथल्या लाकूडकामात रोज हाताला लागणारी आणि खऱ्या अर्थाने या देशाची म्हणावी अशी वस्तू म्हणजे चौकोनी खाचेचा रॉबर्टसन स्क्रू. पीटर लायमबर्नर रॉबर्टसन हा अवजारांचा फिरता विक्रेता होता. माँट्रियलमध्ये प्रात्यक्षिक दाखवताना सपाट खाचेतून ड्रायव्हर सटकला आणि त्याचा हात कापला, तिथून हे सुरू झालं अशी गोष्ट सांगतात. १९०८ मध्ये त्याने ऑंटारिओतल्या मिल्टन गावी कारखाना टाकला आणि १९०९ मध्ये त्याला कॅनडाचं पेटंट मिळालं. चौकोनी खाचेची कल्पना त्याच्या आधीही होती, पण थंड पोलादात ठोकून ती पाडायला गेलं की स्क्रूचं डोकं फाटायचं. रॉबर्टसनने खाचेच्या भिंतींना किंचित उतार दिला आणि तळ निमुळता केला. धातू फाटण्याऐवजी बाजूला दाबला जाऊ लागला आणि डोकं उलट घट्ट झालं.

हा उतार तुमच्याही कामाचा आहे. ड्रायव्हरच्या टोकालाही तसाच उतार असतो, म्हणून स्क्रू टोकावर रुतून बसतो. एका हाताने फळी धरून दुसऱ्या हाताने डोक्यावरच्या फळीत स्क्रू लावता येतो, तो खाली पडत नाही. बाजारात 'स्क्वेअर' म्हणून मिळणारी सगळी टोकं रॉबर्टसन नसतात. काहींना उतारच नसतो, ती खाचेत खुळखुळतात आणि लवकर गोल होतात. दुकानात पारख सोपी आहे: टोकावर स्क्रू बसवा, ड्रायव्हर आडवा धरा आणि मनगटाला झटका द्या. स्क्रू जागचा हलला नाही तर ते टोक घ्या.

मापं रंगावरून ओळखतात: पिवळा ० नंबर, हिरवा १, लाल २, काळा ३. घरात आणि फर्निचरमध्ये बहुतेक काम लाल करतो, म्हणजे ८ आणि १० नंबरचे स्क्रू. बारीक बिजागऱ्यांना हिरवा. हे दोन चांगले घ्या, काळा नंतर घेतला तरी चालेल. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांसाठी इथल्या कारखान्यात हे स्क्रू वापरले गेले, गाडीमागे वेळ वाचला, आणि हेन्री फोर्डला त्यावर स्वतःचा ताबा हवा होता. रॉबर्टसनने नकार दिला. त्यामुळे सीमेपलीकडे हा स्क्रू मागे पडला आणि इथे घरोघरी राहिला.

अनेक टोकांचा एकच ड्रायव्हर हवा असेल तर व्हँकूव्हरच्या पिकक्विकचा पाहा. टोकं मुठीतच, लांबट भोकांत खोचलेली असतात. एक टोक काढायचं आणि त्याने पुढचं मागून ढकलून बाहेर आणायचं. झाकण नाही, डबी नाही, त्यामुळे काही हरवत नाही. माझा चौदा वर्षांचा आहे आणि त्याची सगळी टोकं अजून जागेवर आहेत.

आता ठसा. नव्या मालावरच्या शब्दांमध्ये फरक आहे. इथल्या कॉम्पिटिशन ब्युरोच्या, म्हणजे बाजारातल्या दाव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांप्रमाणे 'प्रॉडक्ट ऑफ कॅनडा' म्हणायचं तर बनवण्याच्या थेट खर्चातला किमान ९८ टक्के वाटा कॅनडातला हवा. 'मेड इन कॅनडा'साठी किमान ५१ टक्के पुरतो, मात्र वस्तूला वस्तूपण देणारं शेवटचं मोठं काम इथे झालेलं हवं आणि आयात भाग असतील तर तसं सोबत लिहायला हवं. 'डिझाइन्ड इन कॅनडा' किंवा 'पॅकेज्ड इन कॅनडा' म्हणजे तेवढंच काम इथे झालं. नुसतं मेपलचं पान छापलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. वेष्टन बाजूला ठेवा आणि धातूवर काय कोरलंय ते वाचा.

नवीन हत्यारांत तुमच्या शहरातच सगळ्यांत मोठं नाव आहे. लेनर्ड ली यांनी सरकारी नोकरी सोडून १९७८ मध्ये ओटावात ली व्हॅली टूल्स सुरू केलं, तेव्हा माल टपालाने विकला जायचा. पुढे त्यांनी स्वतःची हत्यारं बनवायला घेतली, ती व्हेरिटास या नावाने. हा भेद लक्षात ठेवा: ली व्हॅलीच्या दुकानात जपान, जर्मनी, इंग्लंड असा सगळीकडचा माल असतो. तुम्हाला हवंय ते मुख्यतः व्हेरिटास, आणि तिथेही प्रत्येक वस्तूचं उगमस्थान विचारा. काउंटरवरची माणसं स्वतः काम करणारी असतात, सरळ सांगतात.

व्हेरिटासचं एकच हत्यार घ्यायचं असेल तर लो अँगल जॅक रंधा घ्या. तीनशे डॉलरच्या वर जातो. ही किंमत मी विचार करून सांगतोय, कारण हा एक रंधा दोन-तीन रंध्यांचं काम करतो. कसं ते नीट सांगतो. नेहमीच्या रंध्यात पातं धारेचा उतार खाली करून बसतं, त्यामुळे लाकडाशी होणारा कोन रंध्याच्या बांधणीने ठरलेला असतो. या रंध्यात पातं १२ अंशांवर झोपलेलं असतं आणि उतार वर असतो. म्हणजे धारेला २५ अंशांचा उतार दिला तर लाकडाशी कोन ३७ अंशांचा होतो. फळीच्या आडव्या तोंडावर, जिथे रेषे उभे तुटतात, तिथे हा कमी कोन सुंदर चालतो. दुसऱ्या पात्याला ३८ अंश दिले की कोन होतो ५०. वेड्यावाकड्या रेषांच्या मेपलवर कमी कोनाचं पातं लाकूड उपटतं, खड्डे पाडतं. ५० अंशांचं पातं तेच लाकूड खरवडल्यासारखं पण गुळगुळीत काढतं. रंधा एक, पाती दोन, बदलायला अर्धं मिनिट. पात्याच्या दोन्ही बाजूंना रंध्याच्या भिंतीत बारीक स्क्रू आहेत. ते एकदा पात्याला जेमतेम टेकतील असे लावून ठेवले की धार काढून परत बसवताना पातं तिरकं जात नाही. हे स्क्रू बरेच जण हात न लावता सोडून देतात आणि मग पातं सरळ राहत नाही म्हणून वैतागतात.

पात्याच्या पोलादात तीन पर्याय मिळतात: ओ-१, ए-२ आणि पीएम-व्ही-११. तिसरं त्यांनी २०१२ मध्ये आणलं. त्यात पोलादाची आधी भुकटी करतात आणि मग ती तापवून, दाबून एकजीव करतात, त्यामुळे आतले कठीण कण बारीक आणि सगळीकडे सारखे राहतात. धार टिकते आणि तरी दगडावर लवकर येते. माझं मत असं की पहिल्या पात्याला हेच घ्या. पण धार लावायला शिकत असाल तर पटाशी ओ-१ ची असलेली बरी. साधं पोलाद दगडावर काय चाललंय ते हाताला लगेच कळवतं.

त्यांची डव्हटेल करवत, म्हणजे लाकडाचे सांधे कापायची बारीक दात्यांची करवत, पाहून बऱ्याच जणांना शंका येते, कारण पाठीवर पितळेची पट्टी नाही. पाठ साच्यात ओतलेली आहे, काचतंतू आणि स्टेनलेस पोलादाची भुकटी घातलेल्या प्लास्टिकची. दिसायला जुन्यासारखी नाही, कापायला सरळ आणि हलकी आहे. पहिली करवत म्हणून मी ती बिनधास्त सुचवतो.

याच्याही वर एक पायरी आहे. ऑंटारिओतल्या किचनर शहरात सावर अँड स्टायनर या नावाने पोलादी कवचात लाकूड भरलेले रंधे हाताने घडवले जातात. ते माझ्याकडे नाहीत. एकदा एका प्रदर्शनात तो रंधा हातात घेऊन मी दोन फूट चालवला होता आणि त्या दोन फुटांची साल घरी आणून वहीत ठेवली आहे.

आता जुनी हत्यारं, आणि इथे मला जरा थांबायचंय. कारण कॅनडाच्या हत्यारांची खरी श्रीमंती जुन्या बाजारात आहे, आणि ती समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो.

१८७९ मध्ये जॉन मॅकडोनल्ड यांच्या सरकारने नॅशनल पॉलिसी आणली, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तयार मालावर जबर जकात. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना इथे विकायचं तर इथेच बनवणं भाग पडू लागलं. म्हणून जुन्या हत्यारांवर अमेरिकी नावं आणि 'मेड इन कॅनडा' एकत्र दिसतात. स्टॅन्लीने १९०७ च्या सुमारास क्वेबेकमधल्या रॉक्सटन पाँड गावची रॉक्सटन टूल अँड मिल कंपनी घेतली. निकोल्सनच्या कानशी ऑंटारिओतल्या पोर्ट होपला बनत. डिस्टनच्या करवतींचं टोरोंटोत काम चाले. अशी हत्यारं संग्रहात घ्यावीत का, असं तुम्ही विचाराल. मी घेतो. मालक कुठलाही असो, ती ओतणारे, घासणारे, पाणी देऊन कडक करणारे हात त्या गावांतले होते.

रॉक्सटन पाँडचं नाव तर स्टॅन्लीच्याही आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे लाकडी रंधे बनायचे. सेम डालपे आणि ए. मोंती ही नावं रंध्याच्या पुढच्या तोंडावर, लाकडात ठोकलेली सापडतात. इंग्लंडचे रंधे बीच लाकडाचे, इकडे त्याबरोबर पिवळा बर्चही वापरला गेला. क्वेबेकच्या बाजूला गेलात की गावच्या चर्चच्या जुन्या बाजारात असे रंधे दहा-पंधरा डॉलरला मिळतात, कारण लोकांना ते शोभेचे वाटतात. घेताना तोंडाच्या मागे, जिथे पाचर बसते तिथल्या दोन्ही गालांना चीर आहे का पाहा. चीर असेल तर सोडा. वाळवीसारखी बारीक भोकं असतील तर घरातही आणू नका.

लोखंडी स्टॅन्लीमध्ये 'मेड इन कॅनडा' बिडात उठावाने किंवा पात्यावर कोरलेलं असतं. तळ उलटा करून तोंडाच्या दोन्ही कडांना केसासारखी तडा शोधा. बीड जोडत बसण्यात अर्थ नाही. पात्याची लांबी पाहा. खाचेच्या खाली बोटभरही पोलाद उरलं नसेल तर पातं संपलेलं आहे. गंज दिसला म्हणून घाबरू नका, पण हाताला खड्डे लागले आणि ते पात्याच्या सपाट पाठीवर, धारेजवळ असतील तर ती धार कधीच नीट येणार नाही.

करवतींसाठी एक नाव लक्षात ठेवा: शर्ली अँड डीट्रिच, गॉल्ट, ऑंटारिओ. गॉल्ट आता केंब्रिज शहराचा भाग आहे. यांच्या करवतींचं नाव 'मेपल लीफ' आणि पात्यावर पान कोरलेलं. कॅनडाच्या झेंड्यावर हे पान १९६५ मध्ये आलं, या करवतींवर ते त्याच्या खूप आधीपासून आहे. सेंट कॅथरिन्सच्या आर. एच. स्मिथच्या करवतीही चांगल्या.

माझी शर्ली अँड डीट्रिच मी एका शेतावरच्या लिलावात घेतली, सहा डॉलरला, तपकिरी गंजाने पूर्ण झाकलेली. तिचं काम कसं केलं ते सांगतो, कारण इथेच लोक नाव पुसून टाकतात. तारेचा ब्रश लावलेलं ड्रिल वापरायचं नाही. व्हिनेगरमध्ये बुडवायचं नाही. आम्लाने गंज जातो, पण पोलाद करडं होतं आणि कोरीव अक्षरांचा काळेपणाही जातो. सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक, ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळायचा, पातळ तेल टाकायचं आणि पात्याच्या लांबीच्या दिशेनेच घासायचं. ठोकळा कडक हवा, म्हणजे पेपर खोलगट अक्षरांत शिरत नाही. पहिला अर्धा तास नुसता तपकिरी चिखल निघाला. मग मुठीपासून वितीभर अंतरावर एक काळसर कड दिसली, पुसलं तर पानाचं टोक. तिथून पुढे मी फक्त बोटाच्या दाबाने घासलं. पान, त्याखाली गावाचं नाव, सगळं आलं. पन्नास-साठ वर्षं कुणी न पाहिलेलं असावं.

करवत घेताना मुठीकडून टोकाकडे डोळा लावून पाहा, बंदुकीचा नेम धरतात तसं. सलग बाक असेल तर तो काढता येतो, पण एका जागी मुरड असेल तर नको. दाते झिजलेत याची फिकीर नको, ते कानशीने पुन्हा पाडता येतात. इंचाला आठच्या आसपास टोकं असलेली आडवं कापायला घ्या आणि साडेपाचच्या आसपासची उभं चिरायला.

कानशींबद्दल एक वाक्य: पोर्ट होपच्या न वापरलेल्या, कागदात गुंडाळलेल्या निकोल्सन कानशी दिसल्या तर भाव न करता घ्या. वापरलेल्या घेऊ नका. बोथट कानस म्हणजे फक्त चांगलं पोलाद, आणि त्याच्या उपयोगाकडे मी पुढे येतो.

कुऱ्हाड. ओटावात राहून कुऱ्हाडीशिवाय संग्रह करणं मला पटत नाही. हे शहरच लाकडावर उभं राहिलं. १८०६ मध्ये फिलेमन राइटने नदीपलीकडच्या हलहून ओंडक्यांचा पहिला तराफा क्वेबेक शहराकडे सोडला, आणि मग शतकभर पांढऱ्या पाइनचे चौकोनी तासलेले ओंडके याच नदीने ब्रिटनच्या वाटेला लागले. एवढं जंगल तोडायला कुऱ्हाडी लागल्या आणि त्या बनवणारे कारखाने ठिकठिकाणी उभे राहिले. हलची वॉल्टर्स, जिची 'ब्लॅक डायमंड' अजून लोक नावाने मागतात. सेंट कॅथरिन्सची वेलँड व्हेल. न्यू ब्रन्सविकमध्ये सेंट जॉनचा जोसाया फाउलर. नोव्हा स्कोशियात कॅनिंग गावचे ब्लेंकहॉर्न. तुम्ही पहिली घ्याल ती वॉल्टर्स घ्या. तुमच्या घरापासून पुलापलीकडे घडलेली आहे.

पारख अशी. आधी नेढं पाहा, म्हणजे दांडा घालायचं भोक. कुणी कुऱ्हाड घणासारखी वापरली असेल तर मागची बाजू फुगलेली असते आणि नेढ्याच्या भिंती पसरलेल्या किंवा चिरलेल्या असतात. मग धार. खूप ठिकाणी जुन्या कुऱ्हाडीचा देह मऊ लोखंडाचा आणि धारेला कडक पोलाद जोडलेलं असतं. वारंवार घासून ते पोलाद संपलं असेल तर उरतो तो मऊ देह. कानस लावून पाहा: चांगल्या धारेवर ती कुरकुरत, अडत चालते, मागच्या भागावर सहज खाते. मी सुरुवातीला एकदा एका विक्रेत्याकडून झकास लाल रंगवलेलं पातं घेतलं. घरी येऊन रंग खरवडला तर धारेपासून अर्धा बोट आतपर्यंत निळी-जांभळी झाक. ग्राइंडरवर कोरडं घासून कुणीतरी त्याचं पाणी उतरवलं होतं आणि वर रंग मारला होता. सुदैवाने मागे पोलाद शिल्लक होतं. मऊ पट्टा हाताने, कानशीने, तीन संध्याकाळी घासून काढला. तेव्हापासून धारेवर रंग असलेली कुऱ्हाड मी घेत नाही.

दांडा स्वतः बसवा. हिकरीचा तयार मिळतो, पण मी अॅशचा करतो. एमराल्ड अॅश बोरर ही हिरवी कीड २००२ मध्ये विंडसरजवळ आढळली आणि नंतर आमच्या भागातले अॅश उभ्या उभ्या वाळले. कापून टाकलेल्या त्या झाडांचं लाकूड अजून मिळतं. कीड सालीखालीच फिरते, आतलं लाकूड शाबूत असतं. फक्त सालीसकट ओंडके गाडीत घालून दूर नेऊ नका, कीड त्याच वाटेने पसरते.

दांडा बसवायची वेळ महत्त्वाची आहे. इथल्या थंडीत घर तापवलं की हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आक्रसतं. जुलैत बसवलेला दांडा जानेवारीत हलायला लागतो. म्हणून मी दांडा डिसेंबरभर तळघरात भट्टीजवळ वाळवतो आणि जानेवारीत बसवतो. उन्हाळ्यात तो फुगून आणखी आवळतो. टोक नेढ्यात अर्धवट घालून काढायचं, लोखंडाने जिथे काळं घासलं असेल तेवढंच तासायचं, पुन्हा घालायचं. आठ-दहा वेळा तरी. घाईत एकदम तासलं तर खांद्याशी फट राहते. शेवटी दांडा उलटा, म्हणजे कुऱ्हाड खाली लोंबती धरून, मोगरीने दांड्याच्या मागच्या टोकावर ठोकायचं. कुऱ्हाड जमिनीला न टेकता आपल्याच वजनाने वर चढते. आवाज भद्द असतो, बसली की टणक होतो. मग करवतीच्या चिरेत कोरडी लाकडी पाचर, आणि टोकाला जवसाचं कच्चं तेल ते पिणं बंद करेपर्यंत. हललेला दांडा पाण्यात भिजत घालू नका. दोन दिवस घट्ट बसतो, पण फुगलेले रेषे लोखंडाशी चेंगरतात आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतो.

एक हत्यार कुठल्याच कारखान्याचं नाही, या भूमीचं आहे: वाकडी सुरी, मोकोटॉगन. मिगमाक, क्री आणि इथल्या इतर आदिवासी लोकांनी बर्चच्या सालीच्या होड्यांच्या फासळ्या आणि बर्फावर चालायच्या बुटांच्या चौकटी तिने घडवल्या. पातं बऱ्याचदा झिजलेल्या कानशीचं, बोथट कानस म्हणजे चांगलं पोलाद म्हणालो ते यासाठी. तळवा वरच्या बाजूला ठेवून ती धरतात, अंगठा मुठीच्या वाकड्या टोकावर, आणि स्वतःकडे ओढत तासतात. लाकूड गुडघ्याशी किंवा छातीशी धरलेलं. मी पहिल्यांदा ती ओढली तेव्हा मला आमच्याकडचे सुतार आठवले, जमिनीवर बसून पायाच्या बोटांत लाकूड धरून वाकसाने तासणारे. शिकंजा नाही, बाकडं नाही, अंगच शिकंजा. तुमचे वडील हे एका नजरेत ओळखतील. जुनी सुरी मिळाली तर मूठ घासू नका, पॉलिश करू नका. त्या मुठीवरची कोरीव खूण कुणाच्या तरी घराण्याची असू शकते. वापरायला हवी असेल तर आज घडवणाऱ्या आदिवासी कारागिराकडून नवीन घ्या.

पाने आणि सॉकेट लाकूडकामाला फारसे लागत नाहीत, म्हणून इतकंच: टोरोंटोत १९१२ मध्ये सुरू झालेल्या ग्रे कंपनीचे जुने पाने, काहींवर ग्रे-बॉनी असंही असतं, गॅरेज सेलच्या डब्यांत हमखास सापडतात आणि दोन-तीन डॉलरला एक या भावाने घ्यावेत. पिक्टू, नोव्हा स्कोशियातली ग्रोमनची रसेल बेल्ट सुरी कमरेला असावी अशी आहे. बर्फाचं फावडं आणि बागेची अवजारं क्वेबेकच्या गारां (Garant) कंपनीची, ते १८९५ पासून बनवताहेत.

शोधायचं कुठे? गावांकडच्या शेतावरचे लिलाव, घर आवरताना लागणारे सेल, चर्चचे बाजार. शनिवारी सकाळी सातला पोहोचा. टूल ग्रुप ऑफ कॅनडा ही जुन्या हत्यारांच्या अभ्यासकांची संस्था आहे. तिच्या लोकांत एकदा जाऊन बसा. ठसा दाखवला की कारखान्याचं गाव आणि अंदाजे काळ सांगणारी माणसं तिथे भेटतात आणि मोकळ्या मनाने शिकवतात.

जपणुकीत इथला खरा शत्रू वसंत आहे. मार्च-एप्रिलमध्ये बाहेरची ओलसर, उबदार हवा थंड गॅरेजमध्ये शिरते आणि गार लोखंडाला घाम फुटतो, थंड पाण्याच्या तांब्याला फुटतो तसा. एका रात्रीत नारिंगी डाग येतात. हत्यारं तळघरात ठेवा, किंवा बंद पेटीत तेलाचा फडका फिरवून.

आता वडिलांसाठी. जड रंधा नेऊ नका. त्यांचा हात त्यांच्या रंध्यावर बसलेला आहे. व्हेरिटासचा छोटा, तळहातात मावणारा ब्लॉक रंधा आवडेल. सागवानाच्या कडा मोडायला आणि जोडाची तोंडं साफ करायला तो रोज हाती येईल. पात्यासह सगळं तपासणीच्या सामानात टाका. धारेची कुठलीही वस्तू केबिनच्या पिशवीत नको. सोबत लाल आणि हिरवा, असे दोन रॉबर्टसन ड्रायव्हर. मात्र तिकडे हे स्क्रू सहज मिळत नाहीत, म्हणून ८ नंबरचे, सव्वा आणि दोन इंची असे दोन डबे बरोबर न्या, नाहीतर ड्रायव्हर खिळ्याला टांगून राहील. आणि कोकणातल्या पावसात रंध्याचं बीड लगेच गंजतं. काम संपलं की भुसा झटकून तळाला आणि पात्याला तेलाचा हात फिरवायला सांगा. आधी एखाद्या फुकट तुकड्यावर दोनदा रंधा ओढला की जास्तीचं तेल त्यालाच पुसलं जातं आणि चांगल्या फळीवर डाग पडत नाहीत.